उजवा कौल

चष्म्याच्या दुकानात बसून गिऱ्हाइकं कंटाळतात म्हणून मी माशांची टाकी ठेवली, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं तर कंटाळा मला यायचा. महाडच्या बाजारपेठेतलं माझं दुकान म्हणजे एक लांबट बोळ आहे. पुढे शटर, मग काउंटर, काउंटरला लागून लाकडी बाक, आणि पार मागच्या भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता. बाक आणि तक्ता यांच्या मध्ये माझं फिरतं स्टूल असतं. त्याची रेक्झिनची सीट एका कोपऱ्यात उसवली आहे. कोणी बसलं की फुस्स करून हवा सुटते, आणि उठलं की सीट हळूहळू पुन्हा फुगते. लहान मुलं त्याला हसतात. भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वर पुराची रेघ आहे. दोनदा रंग मारला, तरी दमट हवेत ती परत उमटते. बाजारपेठेत बहुतेकांकडे अशी रेघ आहे, तिच्याकडे कोणी बघत नाही.

गोड्या पाण्याचे मासे कोणीही पाळतं. मला हौस खाऱ्या पाण्याची. बादलीत गाळलेलं पाणी घ्यायचं, त्यात समुद्री मीठ ढवळायचं, खारटपणा मोजायचा आणि मग ते टाकीत सोडायचं. "मिठागरवाले पाण्यातनं मीठ काढतात, तुम्ही घालता," असं माझी बायको सुरेखा म्हणते. दुकान एवढंसं आणि त्यात ही टाकी, म्हणजे नाकापेक्षा मोती जड, हेही तीच म्हणते.

काउंटरवरच्या या टाकीसाठी मी मुंबईहून साहिल नावाच्या दुकानदाराकडून भोकाभोकांचे खडक आणले होते. थोड्याच दिवसांत टाकीतल्या गोगलगायी कमी व्हायला लागल्या. मग एका सकाळी 'खट्ट' असा आवाज आला. मला वाटलं, काच तडकली. साहिलला फोन केला तर तो हसला.

"अरे भाई, मँटिस श्रिम्प असणार. दगडात लपून येतो. कोळंबीचा भाऊबंद, पण एक नंबरचा गुंडा. पुढचे हात मुडपून बसतो आणि असा ठोसा घालतो की शंख फुटतो. काढून टाक त्याला, नाहीतर एक दिवस काच फोडेल."

मी काढला नाही. कारण तोवर तो बिळातून बाहेर आला होता आणि मी त्याचे डोळे पाहिले होते. बोटाएवढा हिरवट प्राणी, पण देठावर बसवलेले दोन डोळे, आणि दोन्ही आपापल्या मर्जीने फिरणारे. आपल्याला न दिसणारे रंग त्याला दिसतात, असं मी वाचलं. डोळ्यांवर पोट भरणाऱ्या माणसाने असा पाहुणा कसा हाकलावा? त्याचा एक डोळा सतत माझ्यावर असायचा आणि दुसरा दारावर. दुकानदार व्हायच्या लायकीचा होता.

उन्हाळा लागल्यावर मी आईला महाडला आणलं. आई, म्हणजे गोदूबाई, पोलादपूरच्या वर, कुडपणच्या अंगाला एका वाडीत राहते. तिचा डावा डोळा माझ्या डोळ्यांदेखत गेला. मोतीबिंदू पिकला तेव्हा मी ऑपरेशनचं बोललो, ती म्हणाली, आधी देवाचा कौल घेते. गुरवाने देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. डावी पडली. पुढच्या वर्षीही डावीच पडली. तोवर डोळ्यातला दाब वाढून आतली नस सुकली. मुलगा चष्मे विकतो आणि आई आंधळी होते, याला दिव्याखाली अंधार म्हणतात. मला त्या देवाचा राग आहे आणि तो मी लपवत नाही.

आता उजवा डोळा त्याच वाटेवर होता. डॉक्टर मॅडमनी स्पष्ट सांगितलं की पावसाळ्याआधी ऑपरेशन झालं पाहिजे, नंतर आणलंत तर माझ्या हातात काही नसेल. तिला माणसं सावल्यांसारखी दिसत होती. मी धास्तावलो होतो.

घरी तिला करमेना, म्हणून ती दुकानात येऊन बाकावर बसायची, दाराकडे तोंड करून.

"कोण आलंय रे?" ती मधूनच विचारायची.

"कोणी नाही, आये."

"दारात उभं हाय कोणतरी."

पिकलेल्या मोतीबिंदूला ऊन फाकलेलं दिसतं, हे मला माहीत होतं. मी तिला तसं समजावलं. ती 'असंल' म्हणाली.

पण एकदा तिने विचारलं तेव्हा मी सहज टाकीकडे पाहिलं. एरवी त्याचा तो दारावरचा डोळा रस्त्यावरच्या प्रत्येक रिक्षामागे फिरायचा. आत्ता तो थांबला होता. उंबऱ्याच्या जरा बाहेर, माणसाच्या उंचीवर. पुढच्या वेळीही तेच झालं, आणि त्या वेळी डोळा आधी थांबला, आईने नंतर विचारलं. मी टाकीचा दिवा बंद करून पाहिला. बाजूच्या काचेला पुठ्ठा लावला, म्हणजे कसलं प्रतिबिंब नको. डोळा तिथेच. मी उंबऱ्याबाहेर जाऊन त्याच जागेवर उभा राहिलो. डोळा माझ्यावरून सरकून बाजूला गेला आणि तिथे स्थिर झाला, जणू कोणी मला जागा करून दिली होती.

"ह्यो राखण करतो," आई म्हणाली. मी तिला प्राण्याबद्दल नुसतं बोलून दाखवलं होतं, तरी ती त्याच्या दिशेने बोट करून हसत होती. त्या दिवसापासून त्याचं नाव राखण्या पडलं.

ऑपरेशनचा विषय काढला की ती एकच उत्तर द्यायची. "माझं एक काम अडाकलंय. त्याचा उजवा मिळाला की येते."

"देव राहिला वाडीत. इथे कोण देणार तुला कौल?"

"राखण्या देल की."

मी हसलो. तिला हसू आलं नव्हतं. दुपारी बाजारपेठ जेवायला जाते तेव्हा मी शटर अर्धं ओढतो. त्या वेळी तिने माझ्याकडून बिळाच्या दोन बाजूंना दोन जिवंत गोगलगायी ठेवून घेतल्या, डोळे मिटून हात जोडले आणि ओठ हलवले. काय विचारलंस म्हटल्यावर म्हणाली, "मनात धरायचं असतं. बोलून दाखवलं का कौल उतरत नाय."

राखण्या बाहेर आला आणि त्याने डावीकडचा शंख फोडला.

दुसऱ्या दिवशी डावा. तिसऱ्या दिवशी मी शंखांची अदलाबदल केली, तरी डावा. आई घरी गेली की मी एकटा तोच खेळ मांडायचो, तेव्हा तो कधी इकडचा फोडायचा, कधी तिकडचा, जसा कुठलाही प्राणी फोडेल. ती बसली की डावाच. मला याचा अर्थ लागत नव्हता. खरं सांगायचं तर अर्थ लावण्यापेक्षा मला तिच्या डोळ्याची घाई होती. आकाशात ढग दिसायला लागले होते. दगडाच्या देवाने एक डोळा घेतला, आता एका कोळंबीच्या भावाच्या नादाने दुसरा जाऊ द्यायचा का?

म्हणून मी लबाडी केली. डावीकडे नुसता रिकामा शंख ठेवला. उजवीकडे जिवंत गोगलगाय ठेवली आणि तिला सुरेखाच्या फ्रिजमधल्या कोळंबीचं पाणी चोळलं. आईला यातलं काही दिसणार नव्हतं.

राखण्या बाहेर आला. आधी डावीकडे गेला. रिकाम्या शंखाला मिशा लावून चाचपत राहिला. मग परत बिळात शिरला. बराच वेळ काही झालं नाही. आई हात जोडून बसली होती, पंखा करकरत होता. मग तो पुन्हा आला, आणि पहिल्यांदाच त्याचे दोन्ही डोळे एका दिशेला वळले. माझ्याकडे. मला कारण नसताना ओशाळल्यासारखं झालं. बिचाऱ्याला भूक लागली असणार. तो उजवीकडे वळला.

खट्ट.

"उजवा, आये," मी म्हणालो.

तिच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काही दिसलं, आणि थोडी भीतीही. "बगितलंस नीट?"

"बघितलं."

"मग शटर कर वर. पुरतं."

तिला उकडत असेल, असं मला वाटलं. मी शटर वर ढकललं. बाहेर कडक ऊन होतं, रस्ता भाजून निघाला होता, आणि आत झुळूक आली ती ओल्या गाळाच्या वासाची. पूर ओसरल्यावर गावभर जो वास होता, तोच. महाडच्या माणसाला तो ओळखायला वेळ लागत नाही. कुठेतरी गटार उपसत असतील, असं म्हणून मी कामाला लागलो.

ऑपरेशन छान झालं. मॅडम खूश होत्या. पट्टी काढल्यावर आईने माझ्याकडे बघितलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "केस पांढरं झालं की रे तुझं." मला तिथेच रडू आलं. लबाडीबद्दल मला काडीचा पश्चात्ताप नव्हता.

राखण्या मात्र बिघडला. त्याने खडे गोळा करून बिळाचं तोंड बुजवलं आणि खाणं टाकलं. कात टाकण्याआधी हे प्राणी असं करतात, असं मी वाचलं होतं, म्हणून काळजी केली नाही. खड्यांमध्ये एक फट त्याने ठेवली होती. त्यातून एक डोळा दिसायचा. तो दारावर नसायचा. दुकानात असायचा.

आईसुद्धा बाकाच्या अगदी टोकाला बसायला लागली. एवढा लांब बाक, आणि ती अंग चोरून. आंधळेपणाची सवय जायला वेळ लागतो, असं मी सुरेखाला सांगितलं.

डोळा पुरता बरा झाल्यावर, म्हणजे पाऊस चांगला लागल्यावर, मी तिला नंबर काढायला बसवलं. दुपार होती. आईला अक्षरओळख नाही, म्हणून तिच्यासाठी इंग्रजी ई अक्षराचा तक्ता. ईची तोंडं चार दिशांना असतात, ती बोटांनी दाखवायची. मी तक्त्याशेजारी छडी घेऊन उभा राहिलो. आई बाकावर. मध्ये माझं स्टूल.

वरच्या ओळी तिने पटापट दाखवल्या. वर, खाली, उजवी, डावी. मला अभिमान वाटत होता, जणू डोळा मीच बनवला होता. मग खालच्या ओळीला ती थांबली. मान डावीकडे कलवली, मग उजवीकडे. गर्दीत पुढच्या माणसाच्या खांद्यावरून बघावं तशी.

"धूसर दिसतंय का?"

"नाय रे. सोच्छ हाय सगळं. मदी तो हाय ना."

"कोण मध्ये आहे?"

"तो. दारातला."

मी मध्ये पाहिलं. स्टूल, फरशी, पंख्याचा वारा.

"आये, इथे कोणी नाही."

"तूच तर शटर वर केलंस त्याच्यासाठी."

"तू ऑपरेशनचा कौल मागत होतीस ना?"

"आपरेशनचं कशाला इचारू? ते तू म्हणलास तवाच ठरलं." ती मला समजावल्यासारखं बोलत होती. "हा रोज दारात उभा. ओलाचिंब. ह्याला असा सोडून मी आपरेशनला कशी जाऊ? आत घेऊ का नको, ते इचारत होते. राखण्या रोज नको म्हणायचा. त्या दिवशी हो म्हणला."

छडी माझ्या हातात होती. ती खाली ठेवावी की धरावी, कळेना.

"कोण आहे तो?"

"मला काय ठावं? बोलत नाय." तिने आवाज मऊ केला आणि मधल्या रिकाम्या जागेकडे पाहून म्हणाली, "बस बाबा खाली. लेकाला माझ्या काम करू दे."

टाकीत खडा सरकल्याचा आवाज झाला.

स्टूलमधून फुस्स करून हवा सुटली.

"हां, आता दिसतंय," आई म्हणाली, आणि सगळ्यात खालची ओळ तिने एकही चूक न करता दाखवली.

मी तिला नंबर दिला. चष्म्याला तिने तांबूस फ्रेम निवडली, ती तिला शोभते. दुपारी मी आता शटर ओढत नाही. ओढून बाहेर कोण राहणार आणि आत कोण, ते मला ठरवता येत नाही. स्टूल जिथे होतं तिथेच आहे. त्याची सीट अजून फुगलेली नाही.