समोरच्या दुकानातले चिप्स

टॅम्सिन अ‍ॅक्रॉइड ऑटनथॉर्पच्या बसथांब्यावर मफलरच्या आडून चिनी दुकानातले चिप्स खात होती, आणि देवाची प्रार्थना करत होती की ओळखीचं कुणी भेटू नये.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? पण तुम्ही हॅल्सबीचे नाही. हॅल्सबीत टॅम्सिनच्या बापाचं, नेव्हिल अ‍ॅक्रॉइडचं, मासे आणि चिप्सचं जुनं दुकान. चिप्स म्हणजे पाकिटातले वेफर्स नव्हेत हं! बटाट्याचे बोटभर जाड तुकडे, गरमागरम तळलेले, वर मीठ आणि व्हिनेगर. आणि नेव्हिलच्या मते जगात चिप्स तळायची रीत एकच, ती म्हणजे गुरांच्या चरबीत. बाकी सगळे नुसतेच उकडलेले बटाटे. अशा माणसाची लेक शेजारच्या गावी येऊन चोरून तेलातले चिप्स खाते! कळलं असतं तर म्हातारा अंथरुणालाच खिळला असता.

"करी सॉस नाही घेतलास?"

बाकाच्या दुसऱ्या टोकाकडून आवाज आला आणि टॅम्सिनला ठसकाच लागला. वळून बघते तर कोण... डेस्मंड पांग! तिच्या दुकानाच्या बरोब्बर समोर ज्यांचं चिनी टेकअवे, त्या पांगबाईंचा मुलगा. वडील गेल्यावर आईला हात द्यायला लीड्सची नोकरी सोडून आला होता. रोज काचेतून दिसायचा, पण बोलणं कधी झालंच नव्हतं.

"माझा पाठलाग करतोस?" ती डोळे वटारून म्हणाली.

"मी आधीपासून बसलोय. तूच बॉम्ब लपवल्यासारखी येऊन बसलीस."

भुरभुर पाऊस पडत होता. त्याच्या केसांवर बारीक थेंब, आणि मांडीवर कागदाची पुडी. त्या पुडीचा वास टॅम्सिनने झोपेतही ओळखला असता.

"अरे... हे तर चरबीतले! तू चरबीतले चिप्स खातोस?"

"हळू बोल बाई! आई ग्वानयिन देवीची भक्त आहे. दुकानात बीफ विकते, पण घरात कुणी तोंडात घातलेलं चालत नाही तिला."

"मग सांगते तिला."

"सांग ना. मी तुझ्या वडिलांना सांगतो."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले... आणि दोघांनाही एकदमच हसू फुटलं.

"दे एक," ती म्हणाली.

"आधी तू."

तिने आपला डबा पुढे केला, त्याने पुडी. त्याने तिचा चिप खाऊन नाक मुरडलं. "हे आमच्याकडच्यासारखेच. मऊ, फिकट. चव आहे, पण जीव नाही."

"जीव नाही म्हणजे? हलके असतात! जरासे गोडसर... ज्या तेलात स्प्रिंग रोल तळतात त्यातच तळता ना, त्याचा किंचित वास येतो. मला तोच आवडतो. आमचे खाल्ले की दोन तास पोटात धोंडा."

"धोंडा? कुरकुरीत, तांबूस, जिभेवर रेंगाळणारे! बाई, तुझ्या घरात सोनं पिकतं आणि तुला किंमत नाही."

झालं! पहिल्याच भेटीत दोघांनी अर्धा तास भांडण केलं, तेही आपापल्या दुकानाच्या विरुद्ध बाजूने. बस आली आणि गेली. दुसरीही गेली.

मंगळवारी दोन्ही दुकानं बंद. त्यामुळे दर मंगळवारी तोच बाक, तोच डबा, तीच पुडी आणि तेच भांडण. काय म्हणावं या पोरांना! जगात बोलायला विषय का कमी होते? पण नाही. एकदा थंडीत त्याने तिच्या कोटाची कॉलर वर केली. बोटं तिच्या मानेपाशी जरा जास्तच रेंगाळली. टॅम्सिन आतून विरघळली... आणि ती काय बोलली असेल? म्हणाली, "तुम्ही बटाटे गोठवलेले वापरता का रे?"

डेस्मंडने कपाळावर हात मारून घेतला.

मार्च सरत आला तेव्हा तो एका मंगळवारी पुडी न घेताच आला.

"आई दुकान सोडतेय," तो म्हणाला. "ईस्टरनंतर. ताईकडे जाणार आहे मँचेस्टरला. दमली गं ती."

"आणि तू?"

"मी... मी एकटा दुकान चालवू शकतो. किंवा तिच्याबरोबर जाऊ शकतो. लीड्सची नोकरीही परत मिळेल कदाचित." त्याने तिच्याकडे पाहिलं. "कुणी थांब म्हटलं तर थांबेन."

थांब, एवढाच शब्द. पण तो उच्चारला की पुढे बाबांना सांगणं आलं. पांगांनी आपल्या पाटीवर 'मासे आणि चिप्स' असं रंगवलं, त्या वर्षी नेव्हिलची निम्मी गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून गेली होती. ज्यांच्या लग्नाचे, बारशाचे मासे त्याने तळले तीच माणसं. तेव्हापासून नेव्हिलने समोरच्या फुटपाथावर पाऊल ठेवलं नव्हतं. टॅम्सिनची आई नाही, भावंडं नाहीत. बापाला ती एकटी. आता तीही समोर गेली म्हटल्यावर त्याने कुणाच्या तोंडाकडे बघायचं?

"तुम्ही एकदाच तळता ना," ती घाईघाईने म्हणाली, "म्हणून रंग येत नाही. आमचे बाबा आधी मंद—"

"चिप्स!" डेस्मंड ताडकन उठला. "मी आयुष्याचं विचारतोय आणि तू चिप्स सांगतेस! हात टेकले बाई तुझ्यापुढे. बापाला सांगायची हिंमत नसेल तर तसं सांग. पण मला पुन्हा या बाकावर बसवून बटाट्यावर व्याख्यान देऊ नकोस."

तो गेला. पुढच्या मंगळवारी आलाच नाही. टॅम्सिन एकटीच बसली, चिप्स गार झाले, आणि गार झाल्यावर कुठल्याही दुकानातले असोत, सारखेच भिकार लागतात हे तिला कळलं. तिला त्याचा राग आला, स्वतःचा आला, बापाचा तर फारच आला.

आणि मग गुड फ्रायडे उजाडला.

त्या दिवशी अख्खं यॉर्कशायर मासा खातं. अकरा वाजल्यापासून अ‍ॅक्रॉइडांच्या दारात रांग, ती पार चर्चच्या कोपऱ्यापर्यंत. आत हॅडॉक माशांची खोकी, सोललेले बटाटे, कालवलेलं पीठ, सगळं तय्यार. आणि नेव्हिलने भट्टी पेटवायला घेतली, तर भट्टी पेटेचना! खटका दाबला, थोपटली, शिव्या घातल्या. काही उपयोग नाही. मेकॅनिक फोनवर म्हणाला, उद्या येतो.

"उद्या?" नेव्हिल ओरडला. "उद्या काय तेरावं घालायला येतोस?" मग तो स्टुलावर बसला. गुडघा दुखरा, चेहरा उतरलेला. "बंद कर पोरी. दारावर कागद लाव."

"आणि एवढ्या माशाचं काय करायचं?"

"फेकून दे."

टॅम्सिनने काचेतून समोर पाहिलं. पांगांचं दुकान संध्याकाळी पाचला उघडायचं. फ्रायर रिकामे, गार पडलेले. "बाबा, समोर—"

"नाव काढू नकोस! त्यांच्याकडे तळलेला मासा माझ्या नावावर विकण्यापेक्षा मी तो समुद्रात सोडेन."

"तो मेलाय बाबा! आता पोहणार नाही!"

तिने माशांचं एक खोकं उचललं आणि दार ढकलून बाहेर पडली. रांगेतल्या सगळ्या माना वळल्या. अ‍ॅक्रॉइडची पोरगी रस्ता ओलांडतेय!

"चरबी विसरलीस!" मागून नेव्हिल ओरडला. माणूस कितीही रागावला तरी तळणीतली चूक त्याला बघवत नाही.

"विसरले नाही!" तिने मागे न बघता उत्तर दिलं.

दार पांगबाईंनी उघडलं. मागे डेस्मंड, केस विस्कटलेले, खांद्यावर पंचा.

"चरबी?" पांगबाईंनी खोक्याकडे बोट दाखवून विचारलं.

"आणलेली नाही, बाई. तुमच्याच तेलात तळू. तुमची हरकत नसेल तर."

पांगबाईंनी तिच्याकडे, मग मुलाकडे, मग रस्त्यावरच्या रांगेकडे पाहिलं. "पीठ कुठे आहे? नुसता मासा घेऊन आलीस?" असं म्हणून त्यांनी अ‍ॅप्रन बांधला.

रांग वळली आणि समोरच्या फुटपाथावर येऊन उभी राहिली. टॅम्सिन दारातल्या पायरीवर चढली. "ऐका सगळे! मासा अ‍ॅक्रॉइडांचा, तेल पांगांचं. चव वेगळी लागेल. चालणार नसेल त्यांनी घरी जाऊन अंडं उकडावं!"

कुरकुर सगळ्यांनी केली. घरी कुणी गेलं नाही.

मग काय उडाली धांदल! टॅम्सिन दुकानातून आणलेल्या पिठात मासा बुडवतेय, डेस्मंड तळतोय, पांगबाई बांधून देताहेत. म्हातारी मिसेस थ्वेट पुढे आली आणि म्हणाली, "वर चुरा घाला." तळताना सुटलेला पिठाचा कुरकुरीत चुरा इथे फुकट मिळतो, हक्काने मागतात लोक. पांगबाईंनी तो नुकताच कचऱ्यात टाकला होता.

"कचरा पाहिजे?" त्यांनी मुलाला विचारलं.

"पाहिजे, आई. रागावतात नाही दिला तर."

"आणि मी इतकी वर्षं फेकत होते! वेडी माणसं आहेत ही."

"चिप्स फिकट आहेत गं," मिसेस थ्वेट एक तोंडात टाकून म्हणाली.

"वेगळे आहेत!" टॅम्सिन आणि डेस्मंड एकदमच ओरडले. मग दोघांनी घाईघाईने नजर वळवली.

तेवढ्यात रांग बाजूला सरकली. काठी टेकत नेव्हिल आत येत होता. इतक्या वर्षांनी रस्ता ओलांडून आला, तो थेट फ्रायरपाशी. "तळायची टोपली किती भरलीस! तेल गार पडतं अशाने. एवढं कळत नाही?"

"मिस्टर अ‍ॅक्रॉइड, तेल चरबीसारखं वागत नाही," डेस्मंड दात आवळून म्हणाला. "कृपा करून मागे व्हा, अंगावर उडेल."

"मला शिकवतोस?"

आता ही भांडणं सोडवायला टॅम्सिनला वेळ कुठे होता? दोन्ही हात पिठाने बरबटलेले. ती मागे वळली, आणि न बघता, सवयीने असावं तशी, डेस्मंडच्या खांद्यावरचा पंचा ओढून तिने त्यालाच हात पुसले. त्यानेही न बघता खांदा जरा तिच्याकडे झुकवला.

नेव्हिलचं बोलणं अर्ध्यावरच थांबलं. त्याने पंच्याकडे पाहिलं, मग लेकीकडे.

"कधीपासून?" त्याने हळूच विचारलं.

टॅम्सिन फ्रायरकडे वळली. "बाबा, ते... चिप्स करपताहेत..."

डेस्मंडने टोपली खाडकन वर उचलून ठेवली. नुसता बघत राहिला तिच्याकडे, आणि त्या बघण्यात मंगळवारचा राग होता, मँचेस्टरची गाडी होती. आता नाही तर कधीच नाही, हे टॅम्सिनला कळलं.

"हिवाळ्यापासून," ती म्हणाली. "ऑटनथॉर्पला भेटतो आम्ही. मी तिथे चिनी चिप्स खाते बाबा, आवडतात मला. आणि मी याच्यावर प्रेम करते. म्हणून मी तुम्हाला सोडून समोर गेले असं नाही. मी संध्याकाळी घरीच येणार आहे. तुम्ही एकटे पडाल म्हणून गप्प बसले, आणि गप्प बसून बसून मला वेड लागायची वेळ आली!"



नेव्हिलने टोपलीतला एक चिप उचलला, फुंकला, खाल्ला. सावकाश. दुसरा खाल्ला.

"वेगळे लागतात," तो म्हणाला.

"माहितीये, बाबा."

"मी वाईट म्हणालो नाही." त्याने डोळे पुसले. धूर होता म्हणे. मग पांगबाईंकडे वळला. "बाई, पोरगा मेहनती आहे तुमचा. टोपली फार भरतो, पण मेहनती आहे. त्याला मँचेस्टरला नेऊ नका." पांगबाई दुकान सोडणार ही बातमी गावभर होती, त्याच्या कानावर येऊनही त्याने ऐकली नाही असं दाखवलं होतं एवढंच.

"मी कुठे नेतेय?" पांगबाई म्हणाल्या. "चाळिशीकडे चाललाय. स्वतःच्या पायांनी जाईल नाहीतर राहील. बसा तुम्ही, तुमचा पाय दुखतोय."

नेव्हिल बसला. टॅम्सिन डेस्मंडकडे वळली. "मग? राहणार आहेस ना?"

डेस्मंड हाताची घडी घालून उभा. "वा! बापाला सांगितलंस. माझ्या आईला सांगितलंस. मिसेस थ्वेटना सांगितलंस. चर्चपर्यंतच्या सगळ्या रांगेला सांगितलंस. मला कुणी सांगणार आहे का काही?"

"तू इथेच उभा होतास! ऐकलंस की सगळं!"

"कानावर पडलं. मला सांगितलेलं नाही."

"काय वैताग आहे रे हा माणूस! माझं प्रेम आहे तुझ्यावर. थांब इथे. जाऊ नकोस कुठे. झालं समाधान?"

"नाही," तो म्हणाला. आता त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू येऊ घातलं होतं. "पुन्हा सांग. या वेळी न ओरडता."

"पोरी, आमचा मासा!" रांगेतून कुणीतरी कळवळून म्हणालं.

टॅम्सिनने दातओठ खाल्ले, पिठाचे हात त्याच्या गालांवर ठेवले, आणि न ओरडता पुन्हा सांगितलं.