एका दीपगृहाची दोन लग्नं

"बाई, मला वाचवा! उद्या एकाच दीपगृहावर दोन लग्नं लागायचीत!"

शेटिल दारातूनच ओरडला. ओड्वारच्या हातातला पाव लोण्याच्या बाजूने ताटलीत आपटला. गुनवोरबाईंनी मात्र शांतपणे चष्मा पुसला. हरवलेल्या मांजरापासून पळवलेल्या बोटीपर्यंत ओलेसुंद गावची सगळी कोडी त्यांच्याकडेच यायची, आणि निवृत्त बसचालक ओड्वार शेपटासारखा त्यांच्या मागे असायचाच.

शेटिलची कंपनी बेटांवरच्या जागा आणि होड्या भाड्याने देई. गेल्या शुक्रवारी तिने एकच दीपगृह, एकाच दुपारसाठी, दोन जोड्यांना पक्कं करून दिलं होतं.

"हे आमच्या कार्यालयातल्या सिल्येचं काम! नोंदणीची संगणक यंत्रणा तिनेच मांडलीय. तिची एक मागणी मी धुडकावली, त्याचा राग काढला पोरीने. आज संध्याकाळी तिला कायमची घरी बसवतो!"

"कसली मागणी?"

"जाऊ द्या हो. तिसरं यंत्र हवं होतं तिला. म्हटलं, बूट दोन, वल्ही दोन, यंत्रंही दोन पुरेत!"

"तीच आहे," ओड्वार बाईंच्या कानात पुटपुटला. "चेहरा पाहिलास त्याचा?"

"अरे, चेहरा त्याचा आणि गुन्हा तिचा? चल, कोट घाल."

कार्यालयात इंटरनेटवरचा रेडिओ अकॉर्डियन वाजवत होता. सिल्येचे डोळे रडून लाल झाले होते.

"नोंदी घेणारं एक यंत्र इथे, दुसरं मोल्दे शहरात," ती सांगू लागली. "इथलं मुख्य. मोल्देचं त्याला सारखं विचारत असतं, आहेस का? उत्तर आलं नाही, की हे गेलं असं समजून ते स्वतः कारभार हाती घेतं."

"मग त्या दिवशी इथलं बंद पडलं होतं?"

"छे! हिरवा दिवा चालू होता. हेगे आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्याला दीपगृह मीच दिलं, इथे काउंटरवर. दुसऱ्या जोडीने मोल्देहून, घरबसल्या घेतलं. मधला दुवा तुटला असणार. पण इंटरनेटचे तारवाले शपथेवर सांगतात, तार शाबूत होती."

"म्हणजे तूच तोडलास!" शेटिल कडाडला.

"दहा वर्षांची होते तेव्हापासून यंत्रं जोडतेय मी. तोडेन कशाला?" ती पुन्हा रडू लागली. "मला हे काम आवडतं हो."

ओड्वारला वाईट वाटलं. गुन्हेगार इतकं खरं रडतो का, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

कोपऱ्यात दाढीवाला आस्लाक पीठ घोटत होता. कंपनीतला सगळ्यांत जुना माणूस.

"गेल्या शुक्रवारी तुम्ही इथेच होतात?" बाईंनी विचारलं.

"मग कुठे जाणार? वॉफलशिवाय शुक्रवार होतो का! त्या जोडीलाही खाऊ घातले, वर तपकिरी चीज. पाहुणे म्हणून कॉफीचं मोठं यंत्र काढलं. ते आणि वॉफलचा साचा एकाच ठिकाणी लावले की फ्यूज उडतो. एकदा अख्खं कार्यालय अंधारात बसलं होतं."

शेटिललाही राग विसरून हसू आलं. "शुक्रवारी काय मजा आली होती! रेडिओ मध्येच मुका झाला, तर आस्लाकने स्वतः गाणं धरलं. नवरी नाचली इथे!"

गुनवोरबाई वाकल्या. भिंतीपाशी, फळीच्या मागे, जमिनीलगत त्यांनी काहीतरी नखाने खरवडलं. बाईंची कंबर धरली असावी, म्हणून ओड्वार आधार द्यायला धावला.

"सोड रे. रस्त्यावर जा आणि मोबाइलवरून 'तेर्ना' नावाची होडी घे. पण मी खिडकीतून हात हलवला की मगच. आस्लाक, गेल्या शुक्रवारी केलंत तस्संच करा. कॉफीसकट."

ओड्वार खाली गेला. खिडकीत हात हलला. होडी मिळाली. तो धापा टाकत वर आला तेव्हा रेडिओ गप्प होता आणि साचा चरचरत होता.

"मिळाली 'तेर्ना'!"

"अरे वा," बाई म्हणाल्या. "मलाही मिळाली. आत्ताच, काउंटरवर."

सिल्येने किंचाळून आस्लाकच्या पायांकडे बोट दाखवलं. साच्याची वायर खालच्या सॉकेटमध्ये होती. तिथून उपटलेला छोट्या पांढऱ्या डबीचा प्लग जमिनीवर लोळत होता.

"तारेला काही झालं नाही," बाई सांगू लागल्या. "पण कार्यालय बाहेरच्या जगाशी जोडते ती ही डबी. तिच्या सॉकेटशेजारी वाळलेल्या पिठाचा थेंब होता. वॉफलचं पीठ तिथवर आपण होऊन चालत जात नाही. रेडिओ त्याच वेळी मुका झाला. पण वीज गेली नव्हती, हिरवा दिवा जळत होता. इथलं यंत्र जिवंत होतं, फक्त त्याची हाक मोल्देला पोचत नव्हती. मोल्देवाल्याने गप्प म्हणजे मेला असं धरलं आणि गादीवर बसला. एका गादीवर दोन राजे."

आस्लाकच्या हातातली पळी गळाली. "अरे देवा! फ्यूज उडू नये म्हणून साचा तिथे लावायचो, पण काम झाल्यावर डबी परत लावत होतो. म्हटलं, एवढ्याशा वेळात काय होतंय! पोरी, माफ कर गं."

"तुमच्या वॉफलला फाशी नाही," बाई हसल्या. "डबी काय, कधीतरी कुणाच्याही पायाने निघाली असती. सिल्ये, ते तिसरं यंत्र काय करणार होतं?"

"साक्ष देणार होतं. तिघांतल्या निदान दोघांचं एकमत झाल्याशिवाय कारभार कुणाचाच नाही. इथलं एकटं पडलं असतं, तर त्याने मुकाट्याने नोंदी घेणं थांबवलं असतं."

शेटिल खुर्चीत बसला. "म्हणजे गुन्हेगार मीच?"

"दोन वल्ही घेऊन बसलास, बाबा. अरे, लग्नालाही दोघं पुरत नाहीत, साक्षीदार लागतात!"

शेटिलने सिल्येचे दोन्ही हात धरले. "चुकलो गं. तिसरं यंत्र सोमवारी येईल. पण उद्याचं काय?"

सिल्ये डोळे पुसत ताडकन उठली. "बाईंनी सांगितलं ना आत्ताच!" आणि तिने फोन उचलला.

दुसऱ्या दिवशी दीपगृहाभोवती समुद्र लखलखत होता. आधी हेगेचं लग्न लागलं, साक्षीला मोल्देची जोडी. मग मोल्देकरांचं, साक्षीला हेगे आणि तिचा नवरा. आस्लाक बाहेर गवतावर वॉफल भाजत गात होता, आणि दोन्ही नवऱ्या नाचत होत्या. ओड्वारने तर आनंदाने टोपीच हवेत उडवली, ती थेट समुद्रात गेली.

"साक्षीदार लागतोच, आता पटलं?" सिल्येने शेटिलला विचारलं.

"पटलं गं बाई, पटलं," तो नाक शिंकरत म्हणाला. "आस्लाक! आधी सांग, साचा कुठे लावलायस?"