चौदाव्या मैलाचा दगड

"तेरा मागं गेला, हा पंधरा. मग चौदा कुठाय?" चष्मिष ओरडला.

सुट्टीत काकांकडे आलेली तिघं भावंडं, ताई, चष्मिष आणि छोटी, बंद पडलेल्या रेल्वेलाइनवरून चालली होती. रूळ कधीच उखडून नेले होते. उरली होती खडी, झुडपं आणि दर मैलाला आकडा कोरलेला एकेक दगड. चौदाच्या जागी मात्र नुसता खड्डा!

"चोरी!" ताई म्हणाली. ती सगळ्यांत मोठी, सातवीतली. "आणि चोर कोण, तेही मला ठाऊक आहे! गावात पडलेलं सगळं भंगारवालाच तर उचलतो!"

ती तडक भंगारवाल्याच्या दुकानात शिरली. चार गिऱ्हाइकांसमोर बोट रोखून म्हणाली, "लाइनीवरचा दगड तुम्हीच पळवलात!"

"दगडाचं भंगार कोण घेतं, बाळ?" तो हसला. पण एका बाईनं विकायला आणलेली भांडी गुपचूप पिशवीत घातली आणि ती चालती झाली. त्याचं हसू मावळलं.

दुपारी छोटीचा चेंडू काकांच्या घराच्या मागच्या दाराच्या पायरीखाली गेला. तिनं फटीत हात घातला. "ताई! इथं काहीतरी कोरलंय!"

तिघांनी पहार लावून पायरी उलटली. एकावर चार. चौदा!

काका धावत आले. "अरे, बेवारस पडला होता, आणला! ठेवा परत पालथा!"

ताईच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "काका, मी भलत्याच माणसाला चोर म्हणाले."

"संध्याकाळी शेजारचे स्टेशनमास्तर आजोबा चहाला येणारेत," चष्मिष साळसूदपणे म्हणाला. "त्यांना पायरी तुम्ही दाखवता की आम्ही दाखवू?"

काकांनी मुकाट्यानं हातगाडी मागवली. ती घेऊन आला भंगारवालाच!

दगड जागेवर रोवला, तेव्हा निवृत्त स्टेशनमास्तरांनी त्यावरून हात फिरवला. "धुक्यात ड्रायव्हर हाच आकडा शोधायचे. चौदा दिसला की शिट्टी, कारण पुढं वळण. शाबास, पोरांनो!"

ताईला मान वर करवेना. ती भंगारवाल्याकडे गेली. "माझं चुकलं."

दोर गुंडाळत तो म्हणाला, "इथं नको. चार लोकांत बोललीस ना? उद्या दुकानात ये."

रात्रभर तिला झोप नव्हती. सकाळी ती निघाली, तर दारात काका चपला चढवत होते.

"थांब," ते खाली बघत म्हणाले. "दगड मी उचलला होता. आधी मी बोलतो."