दोनदा एंटर

ही गोष्ट खरी आहे.

रात्रीची नाही, अमावास्येची नाही. मागच्या डिसेंबरातल्या भर दुपारची आहे. पौडच्या बाजारपेठेत जिथे ती घडली, ते घर आजही तसंच आहे. पुढे पंपाच्या मोटरी भरायचं दुकान, मागे दोन खोल्या. दुकान चालू आहे, शाइस्ता चालवते. ज्याला खोटं वाटेल त्यानं खुशाल जाऊन यावं. शाइस्ता चहा देईल.

फक्त कॉम्प्युटरच्या खोलीत ती कुणाला एकटं बसू देत नाही.

आधी तिच्या अब्बांचा, इब्राहिमचाचांचा, शेवटचा साधा दिवस सांगायला हवा.

त्या दिवशी चाचा कॉम्प्युटरवर चिडले होते. "मोटर लिहिलं, तर म्हणतंय ओळखत नाही! काल तर ओळखत होतं!"

जळालेल्या मोटरीत तांब्याच्या तारेचे किती वेढे घालायचे, हे सांगणारा एक छोटा प्रोग्राम त्यात होता. काळ्या खिडकीत 'मोटर' टाइप करायचं, मापं द्यायची, की आकडा हजर. चाचांना कॉम्प्युटरमधलं तेवढंच येत होतं. एका बोटानं टाइप करायचे. टक्... टक्... आणि शेवटी एंटर दोनदा. एकदा दाबून त्यांचा विश्वासच बसायचा नाही.

"काल काय पुसलंत, अब्बा?" त्यांच्या मुलीनं, शाइस्तानं विचारलं.

"काही नाही गं. फालतू काहीतरी जागा अडवून बसलं होतं."

ते फालतू म्हणजे पाथ. आपण नुसतं नाव लिहिलं, तर तो प्रोग्राम कुठल्या फोल्डरांत शोधायचा, त्या पत्त्यांची रांग. कॉम्प्युटर पुढून मागे शोधत जातो. पहिल्या पत्त्यावर सापडलं, की पुढे बघतसुद्धा नाही.

शाइस्तानं पत्ते पुन्हा भरले. 'मोटर' नावाचे प्रोग्राम दोन होते. एक 'रईस' फोल्डरात, तिच्या धाकट्या भावानं कॉलेजात असताना केलेला. तो वेढे कमी सांगायचा. त्याच्या आकड्यावर भरलेली मोटर लवकरच जळून परत यायची. दुसरा 'शाइस्ता' फोल्डरात. भुकूमच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या शाइस्तानं तो उन्हाळ्याच्या सुट्टीत बसून लिहिला होता. तिनं आपलं फोल्डर पुढे ठेवलं, रईसचं मागे.

टक्... टक्... एंटर, एंटर. आकडा आला.

दारात नांदे गावचे कोंडाजी, दुकानाचं जुनं गिऱ्हाईक, उभे होते. "बेस हाय की, चाचा! कुनी केलं ह्ये?"

"आमच्या रईसनं," चाचा छाती फुगवून म्हणाले. "हिंजवडीला आहे ना तो, मोठ्या कंपनीत."

शाइस्ता चहा टाकायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांनी दुकानाचं शटर अर्धं वर केलं आणि ते तिथंच खाली बसले...

उठलेच नाहीत.

चाळिसावं झालं तसा रईस म्हणाला, "आपा, दुकान भाड्यानं देऊन टाकू. मोटरी भरणार कोण आता?"

"मी."

तो हसला. "एक भरून दाखव. चालली, तर परत विषय काढणार नाही. जळाली, तर शटर खाली."

"ठरलं," शाइस्ता म्हणाली. लहानपणापासून ती अब्बांच्या शेजारी बसून तार गुंडाळत आली होती. हात तयार होता. फक्त आकडा बरोबर हवा होता.

लवकरच कोंडाजी जळालेली मोटर घेऊन आले. "तू भरनार? लई नाजूक काम हाय, पोरी. माजी कोथिंबीर वाळून चाललीया."

"परवा न्या. नाही चालली तर मला बोला."

"बोलंन की! सोडतोय व्हय? चाचाची लेक हाईस म्हनून ठिवतोय."

दुपार झाली. अम्मी, म्हणजे बीबीजान, आतल्या खोलीत पडल्या होत्या. शाइस्तानं कीबोर्डवरचं अम्मीच्या हातचं क्रोशाचं झाकण उचललं. अब्बा गेल्यापासून ते कुणी उचललं नव्हतं.

तिनं 'मोटर' लिहिलं. मापं दिली.

आकडा आला... पण तो कमी होता. खूपच कमी.

हा तर रईसचा प्रोग्राम.

तिनं पाथ उघडला. 'रईस' सर्वांत पुढे. 'शाइस्ता' कुठेच नाही.

तिनं रईसला फोन लावला. "तू लांबून काही उद्योग केलेस का कॉम्प्युटरवर?"

"त्या डबड्यावर? आपा, मी पासवर्डसुद्धा विसरलोय."

तरी तिनं इंटरनेटची वायर उपटून काढली. आपलं फोल्डर पुढे घातलं. जुन्या खिडकीला नवा पाथ कळत नाही, म्हणून ती बंद करून नवी उघडली. 'मोटर' लिहिलं.

पुन्हा तोच कमी आकडा.

पाथ पाहिला... तिचं नाव गेलं होतं.

पुन्हा घातलं. या वेळी ती खुर्चीतून हलली नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

आणि मग तिच्या लक्षात आलं...

बाहेरचा आवाज थांबला होता. बाजारच्या दिवशी पौडच्या रस्त्यावर एक हॉर्न नाही. समोरच्या गिरणीची घरघर नाही. काही नाही.

टक्...

कीबोर्डला कुणी हात लावला नव्हता.

टक्... टक्...

एकेक कळ आपोआप खाली जात होती. सावकाश. एका बोटानं शोधत शोधत दाबल्यासारखी. काळ्या खिडकीत 'पाथ' असं उमटलं.

एंटर.

...एंटर.

पत्ते सरसर खाली आले. 'रईस' पुढे. 'शाइस्ता' नाही.

दाराशी अम्मी येऊन उभ्या होत्या. तोंडावर पदर. "कोण आहे गं तिथं?"

"कोणी नाही, अम्मी. मीच आहे."

"मग दोनदा कुणी दाबलं?"

शाइस्ताच्या हातांवर काटा आला. दुसरं कुणी असतं, तर आईला घेऊन रस्त्यावर पळालं असतं. तिचेही पाय तेच म्हणत होते. पण भीतीहून मोठं दुसरं काही होतं. तो राग होता, खूप वर्षांचा.

"अम्मी, आत जा," ती म्हणाली. "मी उठणार नाही."

पूर्ण पत्ता दिला, की कॉम्प्युटर पाथला विचारत नाही. हे तिला ठाऊक होतं. तिनं खुर्ची पुढे ओढली आणि सगळा पत्ता लिहायला घेतला. ड्राइव्ह. फोल्डर 'शाइस्ता'. प्रोग्राम 'मोटर'.

एंटर दाबायला बोट उचललं...

टक्.

शेवटचं अक्षर पुसलं गेलं.

टक्... टक्... 'मोटर' गेलं. मग तिचं नाव. शेवटून एकेक अक्षर. सावकाश.

जिथं नाव होतं तिथं नुसती रेघ लुकलुकत राहिली. वाट बघत असल्यासारखी.

शेजारच्या रिकाम्या स्टुलाचा पाय करकरला. त्याच स्टुलावर बसून अब्बा तिला तार गुंडाळायला शिकवायचे.

शाइस्तानं तिकडे पाहिलं नाही. तिनं पत्ता पुन्हा लिहिला. प्रत्येक कळ जोरात, घरभर ऐकू जाईल अशी. आपलं नाव पुन्हा लिहिलं. बोट एंटरवर टेकवलं आणि दाबायच्या आधी, त्या मुक्या दुपारी, अब्बांसमोर जे आयुष्यात कधी तोंडातून निघालं नव्हतं ते मोठ्यानं म्हणाली,

"हा प्रोग्राम मी लिहिलाय, अब्बा. रईसनं नाही. मी."