तुरीतलं पाडस

शनिवारचा उजेड प्रथम चिंचेच्या शेंड्यावर उतरला. तिथं तो थोडा वेळ नुसताच थांबला आणि मग एकेक फांदी चाचपत खाली आला. गोठ्याच्या पत्र्यावर दव होतं. उजेड त्यावरून घरंगळला आणि म्हशीच्या पाठीवर पसरला. दोरीवरच्या साडीचा रंग आधी दिसेना, मग हळूहळू ती हिरवी असल्याचं कळलं. बादलीच्या कडेवर एक ठिपका चमकू लागला. असा उजेड रोजच होतो आणि रोज त्याच्याकडे कुणाचंही लक्ष नसतं. ओट्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या गोरक्षचं मात्र होतं. ऊसतोडीच्या तळावर, उसाच्या पाचटानं शाकारलेल्या कोपीत, सकाळ फटीफटींतून तुकड्यांनी आत यायची. आई त्याआधीच फडात गेलेली असायची. इथं, मिरजगावला मामांच्या घरी, सकाळ अख्खी येत होती, आणि एकट्यानं तिचं काय करावं हे त्याला उमगत नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत आई-अण्णांनी त्याला पाथर्डीहून इथं आणून सोडलं होतं. रविवारी संध्याकाळी ऊसतोडीच्या टोळीचा ट्रक हायवेनं सोलापूरकडे जाईल, फाट्यावर थांबेल आणि मला घेऊन जाईल, असं त्यानं घरात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. ते ऐकलं की मामी काहीतरी काम काढून आत जायची.

तेवढ्यात तुरीच्या वावराकडून मामा येताना दिसले. आप्पासाहेब मामा एरवी रस्ताभर मोठमोठ्यानं फोनवर बोलत येत. आज ते मांजराच्या पावलानं येत होते, आणि त्यांच्या छातीशी ओलं पोतं गुंडाळलेलं होतं. गोरक्षला पाहताच ते दचकले.

"नाटकाचं सामान हाय," ते म्हणाले, आणि पोतं पाटीत ठेवून त्यांनी ती पिकअपच्या पुढच्या बाजूला, सीटखाली सरकवली.

त्या शनिवार-रविवारचा बेत मामांनीच आखला होता. शनिवारी नगरला बालनाट्य, रविवारी पुण्याचं प्राणिसंग्रहालय. नाटक बसवलं होतं त्यांच्या दोस्तानं, श्रीमंतकाकांनी, आणि नेपथ्य वाहून न्यायला मामांची पिकअप होती. मागे पुठ्ठ्याच्या झाडांमध्ये तिघं मुलं बसली: मामांची आठवीतली रुपाली आणि चौथीतला ओम, शिवाय सातवीतला गोरक्ष. गोरक्षनं सकाळची गोष्ट हळूच सांगितली. पोतं हलत होतं, असंही सांगितलं.

"सामान श्वास घेतं व्हय?" रुपालीनं विचारलं.

ओमच्या मते त्यात साप होता. मामीच्या पायाशी साप ठेवण्याची छाती पप्पांच्यात नाही, असं रुपालीनं त्याला समजावलं.

उत्तर दुसऱ्या अंकात मिळालं. दाढी लावलेले श्रीमंतकाका ऋषी होऊन रंगमंचावर आले, आणि त्यांच्या हातात काळविटाचं खरंखुरं पाडस होतं. सारं सभागृह टाळ्यांनी दणाणलं. प्रखर दिव्यांखाली पाडसाचे डोळे विस्फारले होते, काड्यांसारखे पाय थरथरत होते. पण ते आवाज करत नव्हतं, सुटायची धडपडही करत नव्हतं. गोरक्षनं टाळ्या वाजवल्या नाहीत. इतक्या माणसांत इतकं गप्प राहणं त्याच्या ओळखीचं होतं.

परतताना रुपालीनं मामांना गाठलं. मामांनी अभिमानानं सगळं कबूल केलं. पाडस तुरीत एकटंच पडलं होतं, आई टाकून गेली होती, कुत्र्यांनी फाडलं असतं. आपण त्याला वाचवलं. मंगळवारी कर्जतच्या प्रयोगातही ते काम करणार होतं. घरी आल्यावर त्याला बाटलीनं दूध पाजायचा प्रयत्न झाला. दोन घोट त्यानं कसेबसे गिळले आणि तोंड फिरवलं.

रविवारी शेजाऱ्याची जीप घेऊन सगळे पुण्याला गेले, तर वाघ झोपलेला निघाला. ओमला हा स्वतःचा अपमान वाटला. "झोपलेलं माणूस तर घरी बी दिसतं," असं म्हणून त्यानं मामांकडे पाहिलं. मामा-मामी सर्पालयाकडे गेले आणि मुलं काळविटांच्या आवाराशी रेंगाळली. कळप पार पलीकडच्या कोपऱ्यात चरत होता. अलीकडे, गवतात, एक पाडस मान जमिनीला टेकवून एकटंच पडलं होतं.

"ह्याला बी टाकलं," ओम म्हणाला.

गोरक्षचा पाय तिथून निघेना. बाकीचे दोघे कंटाळले, भेळ खाऊन परत आले, तरी तो कठड्याला धरून उभाच होता. मग कळपातली एक मादी चरता चरता वेगळी झाली. तिनं चारी बाजूंना पाहिलं, वाकडी वाट करून ती पाडसापाशी आली, त्याला पाजलं, चाटलं, आणि जणू काही घडलंच नाही अशी पुन्हा लांब निघून गेली. पाडस पुन्हा मान टेकवून गवतात दिसेनासं झालं.



"टाकलेलं न्हवतं," रुपाली हळू आवाजात म्हणाली. "लपवलेलं हुतं."

"मग आपलं पन..." गोरक्ष म्हणाला. आत्ता, या क्षणी, तुरीच्या ओळींतून कुणीतरी वास घेत फिरत असेल.

फलकावर वनखात्याचा मदत क्रमांक होता. फोटो काढायचे म्हणून रुपालीनं मामीचा मोबाईल मागून आणला आणि त्या क्रमांकावर सगळं सांगितलं. थोड्या वेळानं कर्जतकडच्या वनरक्षक ज्योतीताईंचाच फोन आला. आई दिवस-दोन दिवस शोधते, त्या म्हणाल्या. त्यामुळे आज संध्याकाळच गाठायला हवी, आणि पाडस जिथून उचललं नेमकी तीच जागा हवी. मी येतेच.

अडचण एवढीच होती, की मामांना सांगितलं तर ते आधी श्रीमंतकाकांना विचारणार. शिवाय संध्याकाळी पुण्यात खरेदी आणि हॉटेलात जेवण असा बेत होता. तिघांनी डोकी एकत्र केली.

हत्तीसमोर ओम एकाएकी खाली बसला. "पोटात सुरी फिरतीय," तो कण्हला. नेमकं कुठं, असं मामीनं विचारताच त्यानं घाईत गुडघा धरला. रुपालीनं चिमटा काढल्यावर हात वर सरकला. मामांना संशय आला होता, पण मामीनं घरी चला म्हटल्यावर विषय संपला.

परतीच्या वाटेवर ओमचं पोट अर्ध्या तासात बरं झालं, आणि त्यानं डोळे मोठे करून पप्पांच्या पराक्रमाची चौकशी सुरू केली. पाडस अंधारात कसं काय दिसलं? कुठल्या बांधावर? मामांना एवढा मन लावून ऐकणारा श्रोता कधी मिळाला नव्हता. खालच्या बांधाची वेडी बाभळ, तिच्यापासून तुरीची तिसरी ओळ, हे सगळं त्यांनी रंगवून सांगितलं. मागच्या सीटवर रुपालीनं गोरक्षचा हात दाबला.

"तुजा ट्रक बी गावंल आता," ती कानात म्हणाली. गोरक्ष खिडकीबाहेर पाहत राहिला.

घरी पोचताच मामा आडवे झाले. गोठ्यामागच्या खोलीतून पाडस उचलताना दारात मामी उभी राहिलेली पाहून मुलं जागीच थबकली. मामीनं एक कोरडं पोतं पुढं केलं.

"रातभर झोप न्हाई मला त्याच्यापायी," ती म्हणाली. "न्या."

ज्योतीताईंनी पाडस तिसऱ्या ओळीत ठेवलं आणि सगळ्यांना लांब ज्वारीच्या आडोशाला बसवलं. ऊन उतरत गेलं. दूर हायवेवरून गाड्यांची घरघर येत होती. मध्येच एखादा ट्रक लांबलचक हॉर्न द्यायचा.

"गोरक्ष, जा की फाट्यावर," रुपाली कुजबुजली. "मी हाय हितं. चुकामूक हुईल तुमची."

त्यानं नकारार्थी मान हलवली आणि तुरीवरची नजर काढली नाही.

सूर्य बांधाला टेकला तेव्हा पलीकडच्या माळावर एक ठिपका दिसला. तो थांबत, कान टवकारत जवळ आला. मादी होती. बाभळीपाशी येऊन तिनं मान खाली घातली, मग झटक्यात वर केली. तुरीतून एक बारीक, तुटका आवाज आला. रंगमंचावर एकदाही न ओरडलेलं पाडस आता ओरडत होतं. धडपडत उठून ते तिच्या पोटाखाली शिरलं, आणि ती त्याला मानेपासून शेपटीपर्यंत चाटत सुटली.

ओमनं आपलंच तोंड दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं.

मागे पाचोळा वाजला. मामा उभे होते. रागावायलाच आले असावेत. पण समोरचं दृश्य पाहून त्यांनी पायातल्या वहाणा हातात घेतल्या आणि ते तसेच उभे राहिले. माय-लेकरू माळाकडे दिसेनासं झाल्यावर ज्योतीताईंनी मामांना समज दिली. दयेनं उचललं तरी वन्य प्राणी घरी ठेवणं गुन्हाच असतो. आज ही मुलं नसती तर पाडस जगलं नसतं.

मामांनी मान खाली घालून ऐकलं. मग त्यांनी श्रीमंतकाकांना फोन लावला. "तुमचं पाडस आजपास्नं पुठ्ठ्याचं," एवढंच बोलून त्यांनी तो बंद केला, आणि आळीपाळीनं तिघांच्या डोक्यावर हात ठेवला. "मी उचाललं ते पाप, तुमी निस्तारलं. लई शहाणी निघाली पोरं."

रुपालीला मात्र दुसरीच घाई होती. "पप्पा, गाडी काढा ना. गोरक्षचा ट्रक असंल अजून फाट्यावर!"

 मामा गोरक्षकडे बघू लागले. हायवेवर दिवे लागत होते.

"नको," गोरक्ष म्हणाला. "ट्रक शुक्रवारीच गेला, मला हितंच ठिवून. त्याच रात्री आईचा फोन आल्ता, पोचलो म्हनून."