सुभेदाराचा हिवाळा

"अंधार करा," डॉ. कुमुद पाटणकर म्हणाल्या. "आणि बेडेकर, तुमची ती तांबडी विजेरी जरा इकडे द्या."

प्रयोगशाळेच्या टेबलावर ठकी नावाची कोंबडी डोळ्यांवर काळी पट्टी बांधून बसली होती. कुमुदताईंनी विजेरी पेटवून तिच्या टाळूवर टेकवली. बाजूच्या पडद्यावर तिच्या मेंदूच्या हालचालीची एक सपाट रेघ सरकत होती, ती एकदम उसळून वर गेली.

"डोळे झाकलेत, तरी हिला दिसतंय?" बेडेकरांनी विचारलं.

"दिसत नाही, कळतंय. पक्ष्यांच्या मेंदूत खोलवर दिनगणक पेशी असतात. उजेड कवटीतून आरपार जाऊन त्यांच्यापर्यंत पोचतो, आणि तांबडा सगळ्यात जास्त पोचतो. दिवस चौदा तासांचा झाला की त्या पेशी म्हणतात, वसंत आला, लागा कामाला. दिवस आखडला की दुकान बंद."

"म्हणजे हिवाळ्यात अंडी नाहीत, याचं कारण थंडी नव्हे?"

"थंडीला त्या भीक घालत नाहीत. पिसांची रजई जन्मापासून अंगावर आहे. खाली भुशाची जाड गादी आणि वर वारं न लागणारी दांडी मिळाली, की झालं."

लडाखच्या त्या उजाड पठारावर वेधशाळा होती आणि हिवाळाभर तिथे अकरा माणसं राहत. रस्ता बंद झाला की खालून मदत यायची ती फक्त हेलिकॉप्टरनं. शशिकांत बेडेकर वेधशाळेचे संचालक. कुमुदताई तिथल्या डॉक्टर. हिवाळ्यात ताजं अन्न वरच कसं पिकवायचं, हा त्यांचा प्रयोग. म्हणून वेधशाळेच्या परसात सात गावठी कोंबड्या आणि सुभेदार नावाचा एक कोंबडा नांदत होता. पिल्लं असताना कुमुदताईंनी त्यांना स्वतःच्या स्वेटरमध्ये घालून वर आणलं होतं, त्यामुळे त्यांचा जीव त्या आठांत अडकलेला होता.

अडचण सरळ होती. उजेड हवा, तर खुराड्यात दिवा हवा. पण दिव्याची एक तिरीप बाहेर गेली की बेडेकरांच्या महादुर्बिणीचं रात्रभराचं चित्र नासायचं. गेल्या हिवाळ्यात म्हणून खुराड्याच्या सगळ्या फटी बुजवून आत दिवा लावला, आणि तेच अंगाशी आलं. श्वासाची वाफ आत कोंडली, तुऱ्यांवर गोठली आणि बिचाऱ्यांचे तुरे टोकांना काळे पडले. कोरड्या थंडीनं जे झालं नसतं ते ओलीनं केलं. फटी उघडल्या तर उजेड बाहेर, बुजवल्या तर ओल आत!

"हे बघा डॉक्टरबाई," बेडेकर म्हणाले, "खाणारी तोंडं आठ आणि अंडं एकही नाही. संक्रांतीच्या हेलिकॉप्टरपर्यंत अंडी सुरू असली तर ठीक, नाहीतर मंडळी खालच्या छावणीत जातील."

खालच्या छावणीत मंडळींचं काय होणार, हे सांगायची गरज नव्हती. तिथला रस्सा प्रसिद्ध होता.

कुमुदताईंनी यंत्रज्ञ मुबारक मुजावरला गाठलं. मुबारक मिरजेचा, अशक्य म्हटलं की त्याला हुरूप यायचा.

"खुराड्यात दिवा लावायचाच नाही," त्या म्हणाल्या. "कोंबडीच्या डोक्यावर लावायचा. तीळभर, तांबडा. वरून लोकरीची टोपी. उजेड आत जाईल, बाहेर येणार नाही."

"काय ओ मॅडम, कोंबडीला कानटोपी!" मुबारक हसला. "द्या की, लावून टाकतो."

त्यानं तिळाएवढी प्रकाशबीजं, म्हणजे इवले तांबडे दिवे, घडवली, कुमुदताईंनी टोप्या विणल्या. तुऱ्याला वर भोक, हनुवटीखाली बंद. नाव ठेवलं ऋतुटोपी. दिवस मावळला की ताई एकेकीला टोपी घालत आणि चौदा तास भरले की काढत. टोप्या सातच. सुभेदाराला मुद्दाम वगळला होता. त्याला वसंत चढला असता तर अवेळी आरवून त्यानं वेधशाळा डोक्यावर घेतली असती. तो कोपऱ्यात मान आखडून, पिसं फुगवून बसे आणि जवळ जाईल त्याला चोच मारी.

तीनेक आठवड्यांनी ठकीनं अंडं घातलं आणि सगळं पठार ऐकेल अशी कोकलली. मग बाकीच्याही लागल्या. बाहेर बर्फ आणि आत रोज सकाळी गरम अंडी! कुमुदताई तर लहान मुलीसारख्या टाळ्या पिटत नाचल्या. बेडेकरांच्या पुण्याच्या घरी अंडं वर्ज्य होतं, पण इतक्या उंचीवर ते शाकाहारी होत असावं. कांदा-मिरचीची अंड्याची पोळी ते दुसऱ्यांदा मागून घेत. हल्ली ते उघड्या डोक्यानं हिंडत, थंडीनं कान लाल. टोपी कुठे म्हटलं तर "हरवली" म्हणत.

आणि डिसेंबरात, सगळं सुरळीत चाललेलं असताना, ठकी खुडूक बसली; अंडी घालायचं सोडून उबवायलाच लागली. हात लावला तर फुगून गुरगुरायला लागली. तिच्यामागे गोदा, मग झिपरी, मग बाकीच्याही. नाताळ उलटला तसं अंडं दिसेनासं झालं.

"चूक माझीच," कुमुदताई मुबारकला म्हणाल्या. "मी वसंत मागवला तो अंड्यांपुरता. पण वसंत अर्धा मिळत नाही. अंडी झाली की उबवणं आलंच. त्यातून या गावठी, खुडूक बसण्यात पटाईत."

"मग पिल्लं तरी निघतील की!"

"कशी निघणार? सुभेदाराला टोपी नाही. त्याच्या अंगात अजून हिवाळाच आहे, बीज निजलेलं. ही सगळी अंडी बिनबिजाची."

तरी त्यांनी ठकीखालची अंडी काढली नाहीत. जायचंच आहे, तर चार दिवस सुखानं बसू दे बापडीला, असं त्यांना वाटलं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी हेलिकॉप्टर उतरलं. वैमानिकानं तिळगुळाचा डबा दिला आणि कोंबड्यांची खोकी खुराड्यापाशी नेऊन ठेवली. बेडेकर दाराशी उभे होते. कुमुदताईंनी डोळे पुसले आणि ठकीला उचलायला तिच्याखाली हात घातला.

हाताखाली काहीतरी चिवचिवलं.

त्या भुशात वाकून बघू लागल्या. ठकीच्या पंखाखालून एक ओलं, पिवळट डोकं बाहेर आलं. शेजारच्या अंड्याला तडा गेला होता.

"मॅडम," मुबारक म्हणाला, "तुम्ही तर म्हनला, बिनबिजाची!"

"कोणीतरी सुभेदाराला वसंत दाखवलाय," कुमुदताई सावकाश म्हणाल्या. "त्याशिवाय हे होणं नाही. संध्याकाळी मी इथे असते. म्हणजे पहाटे. दिवस कुठल्याही टोकाला लांबवला तरी पेशींना सारखाच. आणि पहाटेच आरवला, म्हणून त्याचं आरवणं मला खटकलं नाही."

मुबारकनं 'मी नाही' अशी मान हलवली. बेडेकर छपराकडे बघत होते.

तेवढ्यात सुभेदार दांडीवरून उतरला. वाटेत त्यानं मुबारकच्या बुटाला टोच मारली, कुमुदताईंना वळसा घातला, थेट बेडेकरांच्या पायांशी गेला आणि मान खाली घालून, डोळे मिटून शहाण्यासारखा उभा राहिला.

बेडेकरांचे कान आता थंडीशिवायच लाल झाले. त्यांनी कोटाच्या खिशातून एक तपकिरी कानटोपी काढली. तिला वर भोक पाडलेलं होतं आणि आत तांबडी विजेरी शिवलेली होती.

"दुर्बिणीवरून परतताना खुराडं वाटेतच लागतं," ते म्हणाले. "सगळ्यांना वसंत आणि हा एकटा हिवाळ्यात. मला बघवेना."

कुमुदताई इतक्या हसल्या की पुन्हा डोळे पुसावे लागले. त्यांनी पहिला तिळगूळ बेडेकरांच्या हातावर ठेवला.

"मग या खोक्यांचं काय करू?" वैमानिकानं विचारलं.

"रिकामी न्या," बेडेकर म्हणाले. "येताना पिल्लांना बारीक कणी आणा. आणि थोडी लोकर. डॉक्टरबाई मला टोपी विणून देणार आहेत."

"देईन की," कुमुदताई म्हणाल्या. "साधी हवी, की दिव्याची?"

"दिव्याची," बेडेकर म्हणाले आणि त्यांनी डब्यातला दुसरा तिळगूळ कुमुदताईंच्या हातावर ठेवला.