नावाड्याचा शेवटचा फर्मा

पाषाणच्या टेकडीवरच्या स्मृतिविज्ञान प्रयोगशाळेत डॉ. ओंकार पै यांनी सकाळी पडदा सुरू केला, तेव्हा यंत्राला गोवर आलाय की काय असं त्यांना वाटलं. त्रेचाळीस मेंदूंची त्रेचाळीस चित्रं होती आणि प्रत्येकात एकाच ठिकाणी लालभडक डाग होता.

"सायरा, इकडे ये. ही बार्शीची कुठलीशी शाळा आहे बघ. नववीचा वर्ग, इंग्रजी साहित्याचा तास. अख्ख्या वर्गाने पुस्तक वाचलेलंच नाही!"

डॉ. सायरा मुजावर चहाचा कप घेऊन आल्या. वाचनठसा मोजणारी टोपी त्यांनीच शोधून काढली होती. ही टोपी आली आणि राज्यातली गाईडं रद्दीत गेली. कारण टोपीपुढे पाठांतर चालत नाही. डोक्यावर ठेवायची, गोष्टीतल्या एका प्रसंगाची आठवण करून द्यायची, की तो प्रसंग मेंदूत कुठल्या दाराने शिरला ते चार मिनिटांत कळतं. डोळ्यांनी वाचला असेल तर निळा. दुसऱ्याकडून ऐकला असेल तर पिवळा.

"आणि लाल म्हणजे बाहेरून आलेलाच नाही," पै म्हणाले. "आतच तयार झाला. म्हणजे स्वतः रचलेला. एवढा गडद लाल मी फक्त लेखकांच्या डोक्यात पाहिलाय, तोही त्यांच्या स्वतःच्या पुस्तकासाठी. एका वर्गात त्रेचाळीस लेखक? काहीतरी बिघाड आहे."

"कोणता प्रसंग तपासला?"

"शेवटचाच. वेळ वाचावा म्हणून ठसापरीक्षा मंडळ फक्त शेवटचं प्रकरण तपासतं. ज्याने शेवट वाचला त्याने सगळं वाचलं, असं त्यांचं म्हणणं. शेवट निळा नसेल तर नापास. अर्ध्याहून जास्त वर्ग नापास झाला, तर साहित्याचा तास बंद आणि त्या जागी व्यवहार-इंग्रजी. अर्ज लिहा, मुलाखत द्या, माफी मागा."

सायरांनी शाळेचं नाव वाचलं. गोदूताई नाळे विद्यालय. कप खाली ठेवून त्या हसायलाच लागल्या.

"बिघाड नाही, पै. हत्तुरे सर आहेत."

आता हे हत्तुरे सर कोण, ते सांगायला हवं. सत्तावीस वर्षांपूर्वी या शाळेने एका जुन्या इंग्रजी कादंबरीच्या पन्नास प्रती स्वस्तात घेतल्या. गोष्ट टोबायस नावाच्या नावाड्याची. त्याची मुलगी मार्था भांडून शहरात गेलेली. नदीवर पूल झालाय, उद्या तो खुला होणार, म्हणजे आज नावेचा शेवटचा दिवस. तिसावं प्रकरण संपतं तेव्हा धुक्यातून, पलीकडच्या काठावरून कोणीतरी नावेसाठी हाक मारतं. पान उलटावं तर पुठ्ठा! छापखाना आठ पानांचा शेवटचा फर्मा बांधायचाच विसरला होता. पन्नासच्या पन्नास प्रतींत.

दुसऱ्या कोणी प्रती परत पाठवल्या असत्या. हत्तुरे सर तेव्हा नवे होते. त्यांनी पाहिलं, एरवी 'मे आय गो टू द वॉशरूम'च्या पुढे इंग्रजी न बोलणारी पोरं हाक कोणाची यावरून तीन आठवडे इंग्रजीत भांडतायत. त्यांनी प्रती ठेवून घेतल्या. तेव्हापासून रिवाज पडला. तीस प्रकरणं वर्गात वाचायची, एकतिसावं प्रत्येकाने लिहायचं, चार पानं, इंग्रजीत. सर ते पेटीत ठेवणार आणि पुढच्या वर्गांना निनावी वाचून दाखवणार. मूळ शेवट शोधणं सोपं होतं, फोनवर दोन बोटं फिरवली की झालं. पण जो शोधेल तो फितूर. आणि फितुराच्या डब्यातलं वार्षिक परीक्षेची शेवटची घंटा होईपर्यंत कोणी खायचं नाही. हा कायदा सरांनी केला नव्हता, पहिल्याच वर्गाने केला होता. म्हणून तर तो टिकला.

"मी त्या पहिल्याच वर्गात होते," सायरा म्हणाल्या. "उद्या जाते आणि त्यांना मूळची सात पानं वाचायला लावते. दुपारी पुन्हा टोपी, सगळे निळे. सरांचं निवृत्तीचं वर्ष आहे. त्यांचा तास माझ्या टोपीने बंद पडायला नको."

पैंनी कपाळ खाजवलं. "होईल का पण? एका प्रसंगाला मेंदूत एकच खोली मिळते, हे तूच लिहिलंयस. दोन भाडेकरू आले तर दांडगा राहतो आणि दुसऱ्याला हाकलतो."

"वाचलेला काय कमी दांडगा असतो? मी स्वतः फितूर आहे, पै. एम.एस्सी.ला असताना गुपचूप वाचला मी मूळ शेवट. अजून शब्द न् शब्द आठवतो."

दुसऱ्या दिवशी सायरा नववीच्या वर्गात उभ्या राहिल्या. हत्तुरे सर खिडकीपाशी, हातात तेच ब्राउन पेपरचं कव्हर घातलेलं पुस्तक. मुख्याध्यापिका तडवळकर बाई मागच्या बाकावर. बाई गणिताच्या. त्यांनी ती कादंबरी कधी उघडलीही नव्हती, पण तास बंद झाला तर हत्तुऱ्यांना सहन होणार नाही हे त्यांना माहीत होतं. भिंतीवरच्या पडद्यावर पुण्याहून पै डोकावत होते.

"फक्त सात पानं," सायरा म्हणाल्या. "वाचलीत तर तास वाचेल."

पहिल्या बाकावरची कस्तुरा लामतुरे उठली. "मॅडम, सगळेच फितूर झालो तर डबे कुणी कुणाचे खायचे?"

"अगं, माझं काय वाईट झालं? मी वाचलाय मूळ शेवट."

वर्गभर "हाऽऽ" झालं. सरांच्या भुवया वर गेल्या. "मुजावर, तू? फितूर?"

"सर, माफ करा. पण खरं सांगू? मूळ शेवट फार सुंदर आहे. ऐका तर." आणि सायरा सांगायला लागल्या. आवाजच बदलला त्यांचा. "हाक मारणारी मार्था नसतेच. तो असतो पूल बांधणारा इंजिनियर. त्याला नावेचा शेवटचा उतारू व्हायचं असतं. त्याच्याकडे मार्थाचं पत्र असतं, पण धुक्याने भिजून शाई पसरलेली. अक्षर लागत नाही. टोबायस हसतो. त्याला तसंही वाचता येत नसतं. तो पत्र छातीशी ठेवतो, इंजिनियरला काठावर बसवतो, शेकोटी पेटवतो आणि त्याला गरम गरम हुरडा—"

त्या थांबल्या. मग मागून कोणीतरी फिस्सकन हसलं.

"मॅडम," कस्तुरा म्हणाली, "हा तर पेटीतला अठ्ठावीस नंबरचा शेवट! हुरड्याचा! सरांनी दिवाळीआधी वाचला की."

"काहीतरीच. मूळ पुस्तकात आहे. भाजलेलं कोवळं धान्य असतं, मला पान दिसतंय डोळ्यांसमोर."

"इंग्लंडात ज्वारी कुठनं आली, मॅडम? आणि शेंगाचटणी पण दिली का त्याने सोबत?"

"दिली," सायरा पटकन म्हणाल्या, आणि वर्ग कोसळला.

हत्तुरे सर पेटीपाशी गेले. अठ्ठावीस नंबरचे चार कागद काढले, मागची बाजू वर करून सायरांच्या हातात दिले. 'मुजावर सायरा रशीद, नववी ब.' निळ्या शाईत, खाली रेघ मारलेलं नाव.

सायरांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. मग खुर्चीवर बसल्या आणि स्वतःच टोपी चढवली. चार मिनिटं गेली. पडद्यावर एकतिसाव्या प्रकरणाच्या जागी लाल डाग उमटला, पोरांच्या डागांपेक्षाही गडद. निळ्याची रेघसुद्धा नव्हती.

"सत्तावीस वर्षं मुरलाय," पै हळूच म्हणाले. "तू मूळ शेवट वाचलास, सायरा, नक्की वाचलास. पण तुझा भाडेकरू दांडगा निघाला. आलेल्याला हाकललं आणि त्याच्या नावाची पाटी स्वतःच्या दारावर लावली."

"म्हणजे आता या मुलांनी ती सात पानं वाचून..."

"काही उपयोग नाही. लालच राहणार. ज्याने एकदा मनापासून शेवट रचला, तो तुझ्या टोपीखाली कधीच पास होणार नाही."

सरांनी पुस्तक मिटलं. "राहू दे, मुजावर. सत्तावीस वर्षं चाललं. बरं चाललं. पोरांना अर्जही लिहिता यायला हवेतच की."

तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "हुरडा नाहीये हो यात कुठे."

सगळ्यांनी वळून पाहिलं. तडवळकर बाई नाकावर चष्मा घेऊन फोन वाचत होत्या. गणिताचा माणूस. वाद चालू आणि उत्तर समोर असताना बघायचं नाही, हे त्यांच्या डोक्यात बसणं शक्य नव्हतं. त्या शेवटच्या पानापर्यंत पोचल्या, फोन बंद केला आणि म्हणाल्या, "एवढंच?"

"बाई फितूर!" बेचाळीस पोरं एका सुरात ओरडली. त्रेचाळिसावी कस्तुरा. ती ओरडली नाही, टोपी उचलून बाईंकडे गेली. "बाई, घालता का जरा?"

चार मिनिटांनी पडद्यावर स्वच्छ, आकाशासारखा निळा डाग आला. मंडळाच्या नियमाने उत्तीर्ण. पुस्तकाची तीस प्रकरणं न उघडलेली, नावाड्याचं नावही धड माहीत नसलेली एकच व्यक्ती अख्ख्या शाळेत ती कादंबरी 'वाचलेली' ठरली.

पडद्यावरून पै म्हणाले, "सायरा, आपण टोपीला फार वाईट प्रश्न विचारतोय. पुस्तक ज्याच्या आत काहीच करत नाही, त्याचाच डाग निळा राहतो. आपण आजवर न हललेली माणसं पास करत होतो."

सायरांनी टोपीकडे पाहिलं, मग हातातल्या चार कागदांकडे. "अहवाल मी लिहिते," त्या म्हणाल्या. "आणि नमुना म्हणून माझंच चित्र जोडते. टोपी शोधणारीच नापास आहे म्हटल्यावर मंडळाला नियम बदलावाच लागेल."

बदलला. मंडळाने लाल डागही वाचनच मानला, नाळे विद्यालयाचा साहित्याचा तास कायम केला. पण मंडळ म्हणजे मंडळ, ते तिथे कसलं थांबतंय? सगळीकडे लालच डाग हवेत म्हणून महिन्याभरात फर्मान निघालं. राज्यातल्या सर्व शाळांनी या कादंबरीचा शेवटचा फर्मा फाडून टाकावा आणि विद्यार्थ्यांनी मूळ शेवट वाचल्यास कारवाई करण्यात येईल. "आता तर पोरं वाचणारच!" म्हणत हत्तुरे सरांनी कपाळाला हात लावला. झालंही तसंच. मंडळाने मना केलेलं वाचायचं म्हणून राज्यभरची पोरं पांघरुणात फोन घेऊन त्या शेवटावर तुटून पडली. पुढच्या तपासणीत सगळीकडे निळंच निळं. पुस्तकविक्रेते म्हणतात, पहिली तीस प्रकरणं कुठे मिळतील असं विचारत अजून पोरं येतात.

लाल राहिली ती एकच शाळा. तिथला कायदा मंडळाचा नव्हता, डब्याचा होता.

आणि त्या कायद्याचा पहिला फटका बसला हत्तुरे सरांनाच. एकोणीस वर्षं ते मधल्या सुट्टीत तडवळकर बाईंच्या डब्यातली शेंगाचटणी खात आले होते. आता बाई फितूर. सरांनी पाच महिने सुकी भाकरी आणि लोणच्यावर काढले. बाई रोज डबा उघडायच्या, सर रोज खिडकीबाहेर बघायचे, आणि दाराबाहेरून कस्तुरा न चुकता डोकावून जायची.

वार्षिक परीक्षेच्या शेवटच्या पेपराची घंटा झाली. सरांच्या नोकरीचीही तीच शेवटची. पोरं शाईने बरबटलेल्या हातांनी शिक्षक-खोलीच्या दारात गोळा झाली. सर आत गेले, बाईंसमोर बसले आणि ताट पुढे केलं.

बाईंनी डबा उघडला. चमचा भरला, आणि तसाच हवेत धरला. "हत्तुरे, आता तर तुम्ही मोकळे. सत्तावीस वर्षं नऊशे पोरांचे शेवट ऐकलेत. मूळचा सांगू का? एका वाक्यात होतो."

दारातली त्रेचाळीस पोरं एक पाऊल आत सरकली.

"चटणी वाढा, बाई," हत्तुरे सर म्हणाले. "भाकरी गार होतेय."